युतीची बेरीज न करणारा तक्ता

भारत निवडणूक आयोगाची निकालाची वेबसाईट (रिझल्ट्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन) मी राज्यशास्त्र शिकवते म्हणून वापरते, आणि विधानसभेचा निकाल असला की दिवसभर वापरते. लातूरला अकरावी-बारावीचे वर्ग माझ्याकडे असतात. त्या मुलांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि टीव्हीवरच्या आकड्यांनी गोंधळून जाणाऱ्या कुणासाठीही हे लिहिते आहे. पाचपैकी चार तारे. एक तारा कुठे कापला ते पुढे येईल, पण आधी ही साईट काय करते आणि काय करत नाही ते सांगते. ती जे करत नाही, त्यातच तिची खरी किंमत आहे.

साईट उघडायची, राज्य निवडायचं, की पहिल्याच पानावर पक्षनिहाय तक्ता येतो. पक्षाचं नाव, जिंकलेल्या जागा, पुढे असलेल्या जागा, एकूण. बस्स. महायुती नाही, महाविकास आघाडी नाही, रंगीत अर्धवर्तुळ नाही, बहुमताच्या १४५ वर ओढलेली जाड रेघ नाही. सरकार कुणाचं येणार, असं या तक्त्याला विचारलं तर तो काहीच बोलत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा कोरडेपणा खटकतो. "निदान बेरीज तरी करून द्यायची," असं आमच्या स्टाफरूममध्ये दर निकालाला कुणीतरी म्हणतंच. माझं मत वर्षागणिक उलट होत गेलं आहे. बेरीज करून दिलेली नाही, हाच या साईटचा सर्वांत मोठा गुण.

२४ ऑक्टोबर २०१९ आठवा. टीव्हीवर मुख्य रकाने दोन होते. एकीकडे भाजप आणि शिवसेना मिळून १६१, दुसरीकडे काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून ९८. २८८ जणांच्या सभागृहात १४५ लागतात, म्हणजे प्रश्न मिटला असं कुणीही म्हटलं असतं. आयोगाच्या तक्त्यात मात्र चार वेगवेगळ्या ओळी होत्या: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. त्यांच्याखाली बहुजन विकास आघाडी ३, मग एमआयएम, समाजवादी पक्ष आणि प्रहार प्रत्येकी २, एकेका जागेचे सात पक्ष आणि अपक्ष १३.

पुढचे पाच आठवडे महाराष्ट्राने बघितले. निवडणुकीआधीची युती मुख्यमंत्रिपदावर अडली. राज्यपालांनी आधी भाजपला विचारलं, मग शिवसेनेला, मग राष्ट्रवादीला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला सकाळी ती उठली आणि लोक चहा घेत होते तेवढ्यात राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, मतदान गुप्त नको आणि थेट प्रक्षेपण हवं अशा अटींसह. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि ३० नोव्हेंबरला त्यांच्या सरकारने १६९ मतांनी विश्वास ठराव जिंकला. एवढ्या काळात वाहिन्यांना आपले आलेख मोडून पुन्हा मांडावे लागले. आयोगाच्या तक्त्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही. ५६, ५४ आणि ४४ मिळून १५४ होतात. ही बेरीज त्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून होती, ती करून बघायला मात्र फार थोडे बसले होते.

म्हणून मी मुलांना सांगते, निकाल हा तक्ता आहे, आणि सरकार हे त्या तक्त्यावर माणसांनी केलेलं काम आहे. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर एकाच रंगात दाखवल्या की दुसरी गोष्ट पहिलीइतकीच पक्की वाटायला लागते. तशी ती नसते.

यामागे कायद्याचं कारणही आहे आणि ते समजून घेतलं की तक्त्याच्या ओळी वेगळ्याच डोळ्यांनी दिसतात. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने संविधानात पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तिच्यानुसार आमदार कोणत्या पक्षाचा? ज्या पक्षाने त्याला उमेदवार म्हणून उभं केलं त्या पक्षाचा. त्या पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, त्याला बांधतो, व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. व्हिप पक्षाचा असतो, युतीचा किंवा आघाडीचा नसतो. प्रचारात एकत्र सभा झाल्या, जाहीरनामा एक होता, फलकावर सगळ्यांचे फोटो होते, तरी सभागृहात मत मोजायची वेळ आली की प्रत्येक आमदार आपापल्या ओळीत उभा असतो. आयोगाचा तक्ता नेमक्या त्याच ओळी दाखवतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक व्हिप. २०१९ मध्ये भाजपच्या काही छोट्या मित्रपक्षांचे उमेदवार कमळ चिन्हावर लढले होते. त्यांची वेगळी ओळ तक्त्यात नव्हती आणि ते बरोबरच होतं, कारण निवडून आल्यावर त्यांना भाजपचाच व्हिप लागू होणार होता.

अपवाद एकाच ओळीचा, अपक्षांचा. तिथे १३ लिहिलेलं असलं तरी ते तेरा जण एकत्र नाहीत. कुणाचा कुणावर व्हिप नाही. अपक्ष आमदार सरकारला पाठिंबा देऊ शकतो, मंत्रीही होऊ शकतो, पण निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर अपात्र ठरतो. तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून मुलांना मी नेहमी सांगते की ही एक ओळ नाही, या तेरा ओळी आहेत. साईटवर त्या आकड्यावर टिचकी मारली की विजेत्यांची नावं, मतदारसंघ आणि मताधिक्य उघडतं, ते जरूर उघडा. १९९५ मध्ये अपक्ष ४५ होते. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ म्हणजे १३८, सात कमी. मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं ते या अपक्षांतल्या पाठिंब्यावर. ती निवडणूक समजून घ्यायची तर ४५ हा आकडा पुरत नाही, त्यामागची नावंच बघावी लागतात.

आता या साईटचा मी वर्गात करते तो उपयोग सांगते, कारण माझ्या मते तीच तिची सर्वांत मोलाची सेवा आहे. निकालाचं मुख्य पान पुढची निवडणूक आली की बदलतं. जुन्या निवडणुकांसाठी आयोगाच्या मुख्य साईटवर सांख्यिकी अहवाल आहेत, अगदी पहिल्या निवडणुकांपासूनचे. तिथून मी १९९९, २००४, २०१४ आणि २०१९ चे पक्षनिहाय आकडे काढून घेते आणि एका कागदावर छापून गटागटाने देते. वर काहीही लिहायचं नाही, कोण कुणाबरोबर होतं ते नाही, मुख्यमंत्री कोण झाले ते नाही. काम एकच, १४५ किती प्रकारे होतात ते शोधा.

२०१४ चा कागद वर्गात नेहमी गोंगाट करतो. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंच्या जुन्या जोड्या तुटल्या आणि चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. मुलं आधी सोपी बेरीज करतात: १२२ आणि ६३, १८५. मग १२२ आणि ४१, १६३. मग १२२ आणि ४२, १६४. आणि मग एखादा गट भाजपला बाजूला ठेवून उरलेले तीन मिळवतो. ६३, ४२, ४१. १४६. बहुमतापेक्षा एक जास्त! एका मुलीने कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे २०१९ लाच झालं ना? मग २०१४ ला का नाही झालं?"

मला हा प्रश्न बारावीच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा मोठा वाटतो. कारण १४६ ची शक्यता कागदावर होती आणि राजकारणात नव्हती. शिवसेना आणि काँग्रेस एकत्र बसतील असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. शिवाय १४६ म्हणजे एक आमदार आजारी पडला, एक रुसला, की संपलं. राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला. ३१ ऑक्टोबरला फडणवीसांचा शपथविधी झाला, १२ नोव्हेंबरला आवाजी मतदानाने विश्वास ठराव मंजूर झाला. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते होते, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तीच शिवसेना सरकारात आली. पाच वर्षांनी बेरीज १५४ झाली, नऊ जास्त, आणि तेव्हा ती प्रत्यक्षात उतरली. आकडे तेवढे बदलले नव्हते, माणसांची तयारी बदलली होती. हे मुलांना त्या कागदावरून स्वतःहून कळतं, मला व्याख्यान द्यावं लागत नाही.

१९९९ चा कागदही असाच. काँग्रेस ७५, शिवसेना ६९, राष्ट्रवादी ५८, भाजप ५६. राष्ट्रवादी त्याच वर्षी काँग्रेसमधून फुटून निघालेली, दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध लढलेले, आणि निकालानंतर दोघांनी मिळून सरकार केलं, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. लातूरच्या मुलांना हे नाव सांगावं लागत नाही. पण ७५ आणि ५८ मिळून १३३च होतात हे त्यांना ठाऊक नसतं. उरलेले बारा कुठून आले, म्हणजे छोटे पक्ष आणि अपक्ष, यावर चर्चा सुरू होते. २००४ मध्ये राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिलं. मोठ्या ओळीला मोठं पद मिळतं, हा समज त्या एका कागदाने जातो.

मतमोजणीच्या दिवशी ही साईट कशी वागते, ते आता सांगते. सकाळी आठला टपाली मतं, त्यानंतर अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. नऊ वाजता टीव्ही शेकडो जागांचे कल दाखवत असतो आणि साईटवर थोड्याच जागा दिसतात. त्यामुळे लोक ती बंद करून टाकतात. बंद करू नका. वाहिन्यांचे आकडे मोजणी केंद्रात उभ्या असलेल्या लोकांकडून येतात, साईटवर आकडा येतो तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या यंत्रणेतून, फेरी पूर्ण होऊन नोंद झाल्यावर. उशीर होतो, पण आलेल्या आकड्याला सही असते. २०२४ च्या हरियाणाच्या निकालाच्या दिवशी साईटवरचे आकडे मागे पडत असल्याची तक्रार काँग्रेसने केली होती आणि आयोगाने ती निराधार म्हणून फेटाळली होती. मला वाटतं या वेगाबद्दल आयोगाने निकालाच्या दिवशी पानावरच दोन ओळी लिहून ठेवल्या तर लोकांच्या मनातला संशय बराच कमी होईल. किती फेऱ्या, त्यातल्या किती नोंदवल्या, हे मतदारसंघाच्या पानावर दिसतंच, ते राज्याच्या पानावरही ठळक दिसायला हवं.

मतदारसंघाचं पान मला सगळ्यात जास्त आवडतं. प्रत्येक उमेदवाराची यंत्रावरची मतं, टपाली मतं, एकूण आणि टक्केवारी, सगळं एका नजरेत. नोटासुद्धा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय, त्याच यादीत येतो. आमच्या शेजारच्या लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटाला २७,५०० मतं पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. हे बातमीत एका ओळीत येऊन जातं, पण त्या पानावर उमेदवारांच्या नावांबरोबर तो आकडा बघताना मुलं शांत होतात. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. अशा पानांवर टपाली मतांचा रकाना बघायला सांगा, मतदान करायला कंटाळा करणाऱ्या मोठ्या माणसांनाही सांगा. राज्याच्या तक्त्यातला एकेक आकडा अशा एखाद्या खोलीत, अशा थोड्या मतांनी तयार झालेला असतो.

२३ नोव्हेंबर २०२४ च्या तक्त्याकडे येते. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०. पहिल्या तिघांचे मिळून २३०. या वेळी निवडणुकीआधीची युती आणि निकालानंतरचं सरकार एकच निघालं, टीव्हीचा रकाना आणि राजभवनातला शपथविधी जुळला. पण इथे साईट वाचताना एक काळजी घ्यावी लागते आणि साईट ती आपल्याला सांगत नाही. २०१९ च्या तक्त्यातली ‘शिवसेना’ आणि २०२४ च्या तक्त्यातली ‘शिवसेना’ या दोन ओळी शेजारी ठेवल्या की ५६ वरून ५७, म्हणजे जवळपास आहे तसंच, असं दिसतं. मधे जून २०२२ आहे. पक्ष फुटला, २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला त्यांनी १६४ विरुद्ध ९९ ने विश्वास ठराव जिंकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी हे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला. नाव तेच, ओळ तीच, पण आत असलेली माणसं आणि समोर असलेले विरोधक वेगळे. निर्णय आयोगाचाच आहे, तेव्हा त्या ओळीखाली एक छोटी टीप देणं आयोगाला सहज जमलं असतं. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी हे दोन तक्ते जोडेल तेव्हा ती टीप नसल्याने तो फसेल.

मतांच्या टक्केवारीचं वर्तुळही तिथेच असतं. त्यात शिरलात तर सावकाश बघा. २०२४ मध्ये काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा, शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१ जागा. हे आकडे बघून काही जण लगेच अन्याय म्हणतात, काही जण घोटाळा म्हणतात. मुलांना मी सांगते, आधी विचारा की कोण किती जागा लढलं आणि कुणाशी लढलं. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, राज्यभरातल्या टक्केवारीच्या प्रमाणात जागा वाटल्या जात नाहीत. मित्रपक्षांची मतं मिळून उमेदवार जिंकला तरी ती मतं चिन्ह ज्याचं त्या पक्षाच्या खात्यात जमा होतात. जागावाटप झालेल्या निवडणुकीत पक्षाची टक्केवारी म्हणजे त्या पक्षाची ताकद नव्हे, त्याने लढवलेल्या जागांवर सगळ्यांनी मिळून टाकलेल्या मतांची ती नोंद आहे. मी तारा कापला तो इथेच. पक्षनिहाय तक्त्यात ‘लढवलेल्या जागा’ हा रकाना नाही. आयोगाकडे ही माहिती अर्ज माघारीच्या दिवशीच पक्की झालेली असते. हा एक रकाना दिला तर टक्केवारीवरून होणारे निम्मे वाद संपतील.

दुसरी तक्रार भाषेची. महाराष्ट्राचा निकाल असूनही उमेदवारांची नावं रोमन मोठ्या अक्षरांत येतात. मतपत्रिकेवर तीच नावं मराठीत छापलेली असतात, म्हणजे मराठी यादी तयार असते. खेड्यातल्या ज्या आजीने मराठी नाव वाचून बटण दाबलं, तिला निकालही त्याच अक्षरांत वाचता आला पाहिजे. ही मागणी मला फार मोठी वाटत नाही आणि ती मी सोडणारही नाही.

तक्ता निकालाच्या दिवशी थांबतो, हेही लक्षात ठेवा. २०१४ मध्ये मुखेडचे नवनिर्वाचित आमदार गोविंद राठोड यांचं निकालानंतर काही दिवसांतच निधन झालं. विश्वास ठरावाच्या वेळी भाजपचे १२१ च उरले होते, तक्त्यात आजही १२२ आहेत. तक्ता चुकीचा नाही, तो त्या एका दिवसाचा आहे.

आणि तक्त्यानंतरचं सगळं दुसरीकडे घडतं. युतीला तक्त्यात जागा नसली तरी राजभवनात आहे. १९८८ च्या सरकारिया आयोगाच्या अहवालाने राज्यपालांसाठी क्रम सुचवला होता: आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर जमलेली आणि सगळे भागीदार सरकारात येणार असलेली आघाडी, शेवटी काही आत आणि काही बाहेरून पाठिंबा देणारे अशी आघाडी. हा क्रम मार्गदर्शक आहे, त्याच्या आधारे भांडणं झाली आहेत आणि होतील. गोव्यात २०१७ ला ४० पैकी काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ होते, तरी सरकार भाजपने इतरांना बरोबर घेऊन केलं. म्हणून १९९४ च्या बोम्मई खटल्यातलं तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं: बहुमत आहे की नाही ते सभागृहात ठरेल, राज्यपालांच्या दिवाणखान्यात नाही. तिथेही १४५ हा आकडा लोक समजतात तसा जादूचा नाही. ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने ठरतो. कोण गैरहजर राहिलं, कोण तटस्थ राहिलं, याला किंमत असते. २०१९ ला ३० नोव्हेंबरला भाजपने सभात्याग केला आणि चार आमदार तटस्थ राहिले, त्यामुळे १६९ च्या विरोधात एकही मत नोंदलं गेलं नाही.

पाठिंब्याची पत्रं, व्हिप कुणी काढला, गटनेता कोण, ही कागदपत्रं या साईटवर मिळणार नाहीत आणि मिळू नयेत. शिवसेनेच्या फुटीच्या खटल्यातल्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप आणि गटनेता राजकीय पक्षाने नेमायचा असतो, विधिमंडळ पक्षाने नाही. त्याच निकालात, ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असंही म्हटलं. हे शिकवताना मी पुन्हा तोच कागद फळ्यावर चिकटवते. पक्ष ही ओळ, आमदार ही त्या ओळीतली माणसं, आणि दोघांत भांडण झालं की ओळ कुणाची हा प्रश्न. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीपर्यंत एकतृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, आता दोनतृतीयांश आणि तेही विलीनीकरण, एवढीच वाट उरली आहे. तरीही ओळी तुटतात. का, हे विचारायला शिकवणं माझं काम आहे.

बूथनिहाय मतं हवी असतील तर या साईटवर शोधत बसू नका. ती नमुना २० मध्ये असतात आणि महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर मतदारसंघानुसार ठेवलेली असतात. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात, ती निकालाआधीच वाचायची असते.

पुढच्या विधानसभा निकालाला असं करा. सकाळी पक्षनिहाय पान उघडून ठेवा, शेजारी आपल्या मतदारसंघाचं पान. कोऱ्या कागदावर पक्षांच्या ओळी लिहा, अपक्षांची नावं वेगळी लिहा, आणि बहुमताचे जेवढे प्रकार जुळतात तेवढे मांडा, आज अशक्य वाटणारेही. रात्री सगळ्या जागा जिंकलेल्यांच्या रकान्यात गेल्या की दोन्ही पानं पीडीएफ करून तारखेच्या नावाने जपून ठेवा, कारण पुढची निवडणूक लागली की हे पान जागेवर नसेल आणि सांख्यिकी अहवाल यायला वेळ लागतो.